ग्रीझवीझल आधी, गोटेक नंतर: कृष्णाकाठच्या फ्लॉप्या आणि टेक्स्ट ॲडव्हेंचर

फ्लॉपीवरचे टेक्स्ट ॲडव्हेंचर, म्हणजे आज्ञा टाइप करून खेळायचे शब्दांचे खेळ, जुन्याच पीसीवर चालवायचे म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो गोटेक घेण्याचा. ड्राइव्हच्या जागी बसवा, पेनड्राइव्ह खोचा, झालं. वस्तू चांगली आहे, पण क्रम चुकतो. ज्यांच्या कपाटात खरोखरीच्या फ्लॉप्या पडून आहेत आणि ते कपाट सांगली, मिरज किंवा कृष्णाकाठच्या एखाद्या गावात आहे, त्यांनी आधी ग्रीझवीझल घ्यावं. गोटेक फ्लॉपी वाचत नाही. ते स्वतः फ्लॉपी ड्राइव्ह असल्याचं पीसीला भासवतं आणि पेनड्राइव्हवरची इमेज, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब नकलेची फाइल, पुढे करतं. ती इमेज तुमच्याकडे असायला हवी ना! मूळ डिस्क वाचून तिची इमेज करण्याचं काम ग्रीझवीझलचं, आणि ते काम लांबणीवर टाकता येत नाही.

कारण इथली हवा आणि इथलं पाणी. सांगली शहरात पाऊस तसा बेताचाच पडतो. पाणी येतं ते वर कोयना आणि वारणेच्या पाणलोटातून. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या पाण्यात भिजलेल्या डिस्कांचं सोडा, पण जिथे पाणी शिरलं नाही तिथेही तळमजल्यावरच्या भिंती कित्येक आठवडे ओल्या राहिल्या. साताऱ्यात, त्यातही शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ बाजूला, पूर नसला तरी पावसाळाभर कपाटात दमटपणा असतो. फ्लॉपीच्या चकतीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यात बसवलेला असतो, त्यावर बुरशी आनंदाने वाढते. ५.२५ इंची डिस्कच्या लांबट खिडकीतून पाहिलं, चकती हाताने हळूहळू फिरवली, की पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ही डिस्क आणखी किती पावसाळे तग धरेल ते कुणी सांगू शकणार नाही.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हबद्दल दोनच वाक्यं पुरेत. ते ३.५ इंची १.४४ एमबी डिस्क वाचतं, बहुतेक ७२० केबीही वाचतं, पण ५.२५ इंची डिस्क त्यात जातच नाही, नक्कल होऊ नये म्हणून प्रोटेक्टेड केलेली डिस्क त्याला कळत नाही आणि कमोडोर, ॲपल, अमिगाच्या डिस्कांशी त्याचा काही संबंध नाही. टेक्स्ट ॲडव्हेंचरचा सुवर्णकाळ नेमका ५.२५ इंची डिस्कांवर गेला, तेव्हा यावर पैसे घालू नका.

ग्रीझवीझल म्हणजे काय आणि सोबत काय लागतं

ग्रीझवीझल हा हाताच्या तळव्यात मावणारा एक बोर्ड आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांचा फ्लॉपी कनेक्टर. कीर फ्रेझर यांनी तो बनवला आणि त्याचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं ठेवलं. हा बोर्ड डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे डेटाचे ठरावीक तुकडे, वाचायचा प्रयत्न करत नाही. ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडखालून चुंबकीय दिशा कोणत्या क्षणी बदलली त्याच्या वेळा तो नोंदवतो. अर्थ लावायचं काम नंतर संगणकावर होतं. त्यामुळे डिस्क पीसीची असो की कमोडोरची, साधी असो की प्रोटेक्टेड, बोर्डाला फरक पडत नाही. सध्या मिळतो तो व्ही४ घ्या. विंडोज १० पासून पुढे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सवर मात्र आधी पोर्टची परवानगी द्यावी लागते, नाहीतर बोर्ड जोडलेला असूनही सापडत नाही.

बोर्डासोबत खरा ड्राइव्ह लागतोच. ३.५ इंची ड्राइव्ह बहुधा फक्त ५ व्होल्टवर चालतो. ५.२५ इंचीला मोटरसाठी १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. जुनी आयडीई हार्ड डिस्क बाहेरून जोडण्यासाठी मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरचा १२ आणि ५ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो, तो चालतो. दोन्ही व्होल्टेज आधी मीटरने मोजा. अडॅप्टर स्वस्तातला असेल तर मोटर सुरू होताना १२ व्होल्टची लाइन खाली बसते, आणि दोष डिस्कचा आहे असं वाटत राहतं.

ड्राइव्ह निवडताना ३६० केबी आणि १.२ एमबी यांतला फरक समजून घ्या. ३६० केबी डिस्कवर एका बाजूला ४० ट्रॅक, म्हणजे डेटाच्या गोल पट्ट्या, असतात, १.२ एमबीच्या ड्राइव्हला ८० जातात. म्हणजे त्याचं हेड निम्म्या रुंदीचं. वाचायला १.२ एमबीचा ड्राइव्ह उत्तम, फक्त प्रत्येक ट्रॅकला दोन पावलं टाकायला सांगावं लागतं. लिहायला मात्र तो वाईट. ३६० केबीच्या ड्राइव्हने आधी लिहिलेल्या डिस्कवर त्याने पुन्हा लिहिलं की नव्या अरुंद पट्टीच्या दोन्ही कडांना जुनी पट्टी उरते. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ती डिस्क नीट चालते आणि एक्सटी या जुन्या आयबीएम पीसीच्या मूळ ३६० केबी ड्राइव्हमध्ये घातली की वाचता येत नाही. ‘माझ्याकडे चालत होती’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

भंगारातून आणलेला ड्राइव्ह थेट जोडू नका. हळदीच्या पेढीवरून किंवा गोदामातून निघालेल्या मशीनमध्ये धूळ चिकट असते, आधी ब्लोअर मारा. मग हेड ज्या दांड्यांवर सरकतं त्या पुसून सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, ९९ टक्के. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर मिसळ असते. वरचं हेड स्प्रिंगवर असतं. बोटाने जेमतेम कापूस जाईल इतकंच उचलायचं. जास्त ओढलं तर स्प्रिंगची पट्टी वाकते आणि ती पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही.

वेग तपासायची एक जुनी रीत अजून उपयोगी आहे. बऱ्याच ५.२५ इंची ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं असतात, एक ५० हर्ट्झचं आणि एक ६० चं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली ड्राइव्ह फिरवला आणि ५० च्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली हे नीट दिसेल याचा भरवसा नाही. ग्रीझवीझलच्या ‘जीडब्ल्यू आरपीएम’ आज्ञेने हाच आकडा स्क्रीनवर येतो: ३६० केबी आणि ३.५ इंचीसाठी ३००, १.२ एमबीसाठी ३६०. दीड टक्क्यापर्यंत फरक चालतो. त्यापुढे गेला तर आधी पट्टा किंवा सुकलेलं ग्रीस बघा.

बुरशी लागलेली डिस्क

या कामात सर्वात जास्त नुकसान घाईने होतं. बुरशीची एक डिस्क ड्राइव्हमध्ये फिरली की बुरशी हेडला लागते, आणि त्याच हेडखाली पुढची चांगली डिस्क ओरखडली जाते. म्हणून आधी सगळ्या डिस्क खिडकीतून पाहून तीन ढीग करा: स्वच्छ, ठिपके असलेल्या आणि गाळ किंवा चिकटा असलेल्या. स्वच्छ डिस्क आधी वाचून संपवा.

दुसऱ्या ढिगातल्या ५.२५ इंची डिस्कचं जॅकेट वरच्या कडेने धारदार ब्लेडने उघडता येतं. आतली चकती फक्त मधल्या भोकापाशी आणि बाहेरच्या कडेला धरायची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बोटांच्या टोकांनी, अजिबात दाब न देता ती धुवायची, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळायची आणि सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्यायची. नळाचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात. जुन्या जॅकेटच्या अस्तरात बुरशी असतेच, तेव्हा चकती त्यात परत घालू नका. एखादी निकामी डिस्क घेऊन तिचं जॅकेट रिकामं करा, धुतलेली चकती त्यात घाला, बाजू उलट होणार नाही याकडे लक्ष ठेवा. असं एकच जॅकेट पाळीपाळीने अनेक चकत्यांना पुरतं.

वाचताना ड्राइव्हमधून किंचाळल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब थांबा. चकतीवर चकचकीत गोल रेघ उमटलेली दिसली तर तिथला थर खरवडला गेलाय. पुन्हापुन्हा वाचून तो परत येत नाही. हेड पुसा, डिस्क पुन्हा स्वच्छ करा, मगच पुढचं.

मूळ डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिला लिखाणापासून वाचवा. ५.२५ इंचीची बाजूची खाच अपारदर्शक पट्टीने झाका. पारदर्शक सेलोटेप चालत नाही, कारण बरेच ड्राइव्ह खाच प्रकाशाने ओळखतात. ३.५ इंचीत उलटं: भोक उघडं म्हणजे डिस्क सुरक्षित.

एकदाच वाचा, पण कच्ची नोंद ठेवा

सरळ इमेज फाइल करायचा मोह होतो, तो टाळा. आधी ‘जीडब्ल्यू रीड’ने एससीपी फाइल, म्हणजे बोर्डाने टिपलेल्या वेळांची कच्ची नोंद, घ्या, प्रत्येक ट्रॅकच्या तीन फेऱ्यांची. एका ३६० केबी डिस्कची अशी फाइल २० एमबीच्या आसपास जाते. आज ती जागा कुणालाही परवडते. मग ‘जीडब्ल्यू कन्व्हर्ट’ आज्ञेला आयबीएम-३६० हा फॉरमॅट देऊन तिच्यातून साधी इमेज काढा. यात डिस्क ड्राइव्हमध्ये एकदाच घालावी लागते, आणि अर्थ लावायचे प्रयत्न पाहिजे तितके वेळा करता येतात.

१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबी डिस्क असेल तर ट्रॅक ० ते ३९ आणि स्टेप २ असं सांगायला विसरू नका.

शेवटी स्क्रीनवर एक तक्ता येतो: सापडलेल्या सेक्टरला टिंब, न सापडलेल्याला फुली. ३६० केबीला ७२० पैकी ७२० सेक्टर हवेत, ७२० केबीला १,४४०, १.२ एमबीला २,४००, १.४४ एमबीला २,८८०. फुल्या कुठे पडल्यात यावरून दोष कळतो. एकाच बाजूच्या सगळ्या ट्रॅकवर पसरल्या असतील तर त्या बाजूचं हेड घाण आहे. तीन-चार शेजारच्या ट्रॅकांवर एका जागी दाटल्या असतील तर तिथे बुरशी किंवा ओरखडा आहे. आतल्या ट्रॅकांकडे वाढत गेल्या तर सिग्नल क्षीण झालाय किंवा हेड किंचित सरकलंय. आतल्या ट्रॅकवर तेवढाच डेटा कमी लांबीत बसवलेला असतो, म्हणून दोष आधी तिथे दिसतो. दुसरा ड्राइव्ह असेल तर अशी डिस्क त्यात घालून बघा, बऱ्याचदा निभावते.

एका गोष्टीवरून बऱ्याच चांगल्या डिस्क कचऱ्यात जातात. सुरुवातीचे पीसी खेळ थेट डिस्कवरून बूट व्हायचे, त्यात डॉस नसायचं. १९८१ चा मायक्रोसॉफ्ट ॲडव्हेंचर तसाच होता. अशा डिस्कवर ‘डीआयआर’ दिलं की डॉस एरर देतं. डिस्क खराब नसते, डॉसला तिची मांडणी कळत नाही इतकंच. तिची एससीपी जपून ठेवा. परत डिस्क बनवायची तर ती एससीपीच लिहा, आणि गोटेकसाठी तिच्यातून एचएफई फाइल काढा. गोटेकला एससीपी चालत नाही.

झॉर्कसारखे टेक्स्ट ॲडव्हेंचर काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीच्या खेळांची रचना इथे आपल्या बाजूची आहे. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी १९७९ मध्ये झेड-मशीन आखलं: खेळाची कथा एका फाइलमध्ये, आणि ती चालवणारा इंटरप्रीटर प्रत्येक संगणकासाठी वेगळा. तिसऱ्या आवृत्तीच्या कथा-फाइलची कमाल मर्यादा १२८ केबी. झॉर्क १ ची सुमारे ८५ केबी. म्हणजे मूळ डिस्कवरचा इंटरप्रीटर खराब निघाला तरी कथेची डॅट फाइल पूर्ण मिळाली की खेळ वाचला. डॉससाठीचा फ्रॉट्झ हा इंटरप्रीटर तीच फाइल चालवतो. आणि ती फाइल खरंच पूर्ण आहे का हे खेळच सांगतो. इन्फोकॉमच्या बहुतेक खेळांत बाणाच्या चिन्हापुढे डॉलर लावून ‘व्हेरिफाय’ टाइप केलं की तो सगळ्या डेटाची बेरीज करून हेडरमधल्या आकड्याशी जुळवून बघतो. ७२० पैकी ७२० आल्यावरही ही तपासणी कराच. कधीकाळी कुणी सदोष डिस्कची नक्कल काढलेली असेल तर नक्कल निर्दोष वाचली जाते आणि आतली कथा तुटलेली असते.

ज्यांच्याकडे मूळ डिस्क नाही त्यांनाही आता आडवाटा शोधायची गरज नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने झॉर्क १, २ आणि ३ चा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला. झिल्फ नावाच्या कंपायलरने तो बांधता येतो. नव्याने लिहायचं असेल तर इन्फॉर्म ६ ही भाषा आणि जुन्या छोट्या मशीनसाठी घडवलेली प्युनीइन्फॉर्म लायब्ररी आहे. रोमन लिपीतून का होईना, मराठीत एखादा खेळ कुणीतरी लिहायला हवा. पुरात बुडालेला वाडा आणि त्यात अडकलेली दफ्तरं, एवढी सामग्री आपल्या दारातच आहे.

आता गोटेक

मॉडेल एसएफआर१एम४४-यू१००. त्याचं मूळ फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, फक्त १.४४ एमबी जाणतं, म्हणून एक्सटी किंवा ३६० केबी डिस्कसाठी ते जसं येतं तसं निरुपयोगी. त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे दुसरं फर्मवेअर चढवायचं. हेही कीर फ्रेझर यांचंच. बोर्डावरची चिप एसटीएम३२एफ१०५, एटी३२एफ४१५ किंवा एटी३२एफ४३५ यांपैकी असेल तर चढतं. भलतीच चिप असलेले बोर्डही बाजारात आहेत, म्हणून मागवण्याआधी विक्रेत्याकडून चिपचा जवळून काढलेला फोटो घ्या. आधीच फ्लॅशफ्लॉपी चढवलेलं, ओएलईडी स्क्रीन आणि फिरवायची खुंटी असलेलं मिळालं तर तेच घ्या. तीन आकडी मूळ डिस्प्लेवर कुठल्या क्रमांकाला कुठला खेळ हे वहीत लिहून ठेवावं लागतं. ओएलईडीवर फाइलचं नावच दिसतं.

स्वतः चढवायचं असेल तर बूट जम्पर जोडून दोन्ही टोकं सारखी असलेल्या यूएसबी केबलने पीसीला लावायचं. त्या वेळी गोटेकला दुसरीकडून वीज देऊ नका. एकदा चढवलं की मूळ फर्मवेअर कायमचं जातं, त्याची हळहळ वाटण्यासारखं त्यात काही नाही. पुढचे अपडेट पेनड्राइव्हवर फाइल ठेवून, दोन्ही बटणं दाबून धरत चालू केलं की होतात.

पीसीत बसवताना जम्पर एस१ वर. पीसीच्या केबलमध्ये १० ते १६ क्रमांकाच्या तारांना पीळ असतो आणि ड्राइव्ह ए पिळाच्या पुढच्या टोकाला लागतो. दोन्ही ड्राइव्ह स्वतःला दुसरा समजतात आणि पीळ त्यांना वेगळं करतो. चालू केल्यावर ड्राइव्हचा दिवा पेटून तसाच राहिला तर केबल उलटी लागली आहे. बंद करा, लाल कड पिन १ कडे करा. यात सहसा काही जळत नाही, पण डिस्क आत असताना असं चालू ठेवलं तर तिच्यावर कचरा लिहिला जाऊ शकतो.

पेनड्राइव्ह एफएटी३२, लहानात लहान मिळेल तो. त्यात एफएफ.सीएफजी नावाची फाइल, आणि तिच्यात एक ओळ अत्यावश्यक: इंटरफेस म्हणजे आयबीएमपीसी. ही ओळ विसरली तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण यात सेव्ह केलेले खेळ जातात. एक्सटीनंतरच्या एटी आणि त्यापुढच्या मशीनमध्ये ३४ क्रमांकाच्या पिनवर ‘डिस्क बदलली’ हा संकेत अपेक्षित असतो. शुगार्ट मोडमध्ये, म्हणजे ही ओळ नसताना, गोटेक त्याच पिनवर ‘तयार आहे’ हा संकेत देतं. तुम्ही खुंटी फिरवून खेळाच्या डिस्कवरून सेव्ह डिस्कवर जाता, डॉसला बदल कळतच नाही, ‘डीआयआर’ दिलं तर आधीच्याच डिस्कची यादी येते, आणि सेव्ह केलं की नव्या इमेजवर जुन्या डिस्कचा एफएटी, म्हणजे फाइल कुठे आहेत त्याचा तक्ता, लिहिला जातो. इमेज गेली. बसवल्यावर पहिलं काम म्हणजे दोन वेगळ्या इमेज लावून ‘डीआयआर’ पाहणं, आणि यादी बदलली नाही तर सेव्ह न करणं.

इमेजचा आकार बाइटमध्ये तपासायची सवय लावा: ३६० केबीची ३,६८,६४०, ७२० केबीची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८००, १.४४ एमबीची १४,७४,५६०. आकार यात बसला की फ्लॅशफ्लॉपी मांडणी आपोआप ओळखतं. एक्सटीच्या मूळ कंट्रोलरला फक्त कमी घनतेच्या डिस्क कळतात, तिथे ३६० केबीच ठेवा. ७२० केबीसाठी डॉस ३.२, १.४४ साठी डॉस ३.३ किंवा पुढचं हवं.

३८६-४८६ वर ‘सेटअप’मध्ये ड्राइव्हचा प्रकार जुळला पाहिजे. गोटेकवर १.४४ च्या इमेज लावायच्या आणि सेटअपमध्ये १.२ असेल तर बूट होत नाही, आणि दोष इमेजवर ढकलला जातो. ही सेटिंग दर वेळी पुसली जात असेल तर बोर्डावरची निळी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी बघा. ती गळलेली असेल तर आजच कापून काढा. गळलेला भाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसून मग अल्कोहोलने स्वच्छ करा, नाहीतर बोर्डाच्या तारा खाल्ल्या जातात.

खेळासाठी इमेज बांधायची तर ३६० केबी डिस्कवर डॉसला प्रत्यक्षात ३,६२,४९६ बाइट मिळतात. ‘फॉरमॅट’ला ‘/एस’ जोडून बूट होणारी डिस्क करा, डॉस ३.३ च्या सिस्टिम फाइल सुमारे ७८ केबी घेतात. उरलेल्या जागेत इंटरप्रीटर, एक कथा आणि भरपूर सेव्ह निवांत बसतात. ऑटोएक्झेक फाइलमध्ये इंटरप्रीटरची एक ओळ घातली की मशीन चालू करताच खेळ समोर. या खेळांना ग्राफिक्स लागत नाही, म्हणून हर्क्युलिस कार्ड आणि पिवळसर एकरंगी मॉनिटर असलेला पीसी, ज्यावर रंगीत खेळ चालत नाहीत म्हणून तो मागे पडला, इथे सर्वांत देखणा दिसतो. ८०८८ चा वेगही पुरतो.

तक्रारी

ग्रीझवीझलच्या डब्यात कागदाचा चिटोरा नसतो. सगळी माहिती इंग्रजीत, आज्ञा टाइप करून वापरायच्या. ज्याने डॉस वापरलं आहे त्याला अवघड नाही, पण नव्या मुलांना सोबत बसून दाखवावं लागतं. गोटेकची प्लास्टिकची बटणं ठिसूळ आहेत, आणि पेनड्राइव्ह समोरून बाहेर डोकावत राहतो, धक्का लागला की सॉकेट हलतं. त्याचा आवाजही नाही. खऱ्या ड्राइव्हवर कमी मेमरीच्या मशीनमध्ये नव्या खोलीत शिरताना कथा डिस्कवरून ओढली जाते, तेव्हा आधी मोटर सुरू होते, दोन टकटक ऐकू येतात आणि मग वर्णन उमटतं. खेळाच्या लयीत ती टकटक मिसळलेली असते. गोटेकवर छोटा बझर लावून आवाज आणता येतो, पण तो तसा वाटत नाही. म्हणून गोटेक ‘ए’ला आणि खरा ड्राइव्ह ‘बी’ला, अशी जोडी मला सर्वांत पटते. मात्र २००५ नंतरच्या अनेक मदरबोर्डांवर एकाच ड्राइव्हची सोय असते, ते आधी पाहून घ्या.

नवी डिस्क लिहायची तर कमी घनतेचीच घ्या. ३६० केबी डिस्कच्या थराला सुमारे ३०० ओर्स्टेडचं चुंबकीय बळ पुरतं, १.२ एमबीच्या डिस्कला सुमारे ६०० लागतं. जास्त घनतेच्या डिस्कवर ३६० केबी लिहिलं तर फॉरमॅट झाल्यासारखं दिसतं आणि थोड्याच दिवसांत वाचता येत नाही. मधल्या भोकाभोवती जाड कडं असेल तर डिस्क बहुतेक कमी घनतेची असते. लिहिण्याआधी ‘जीडब्ल्यू इरेज’ने पूर्ण पुसा.

खेळताना सेव्ह केल्यावर गोटेकचा दिवा विझेपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नका, खुंटीही फिरवू नका; लिखाण अर्धवट राहिलं तर फक्त तो सेव्ह नव्हे, अख्खी इमेज जाऊ शकते. पावसाळ्यात वीज जायच्या बेतात असेल तर मशीन यूपीएसवरच चालवा. मूळ एससीपी फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक वरच्या मजल्यावर, आणि डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, स्टीलच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात कधीही नाही. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून ते पुन्हा वापरता येतं; तवा स्वयंपाकातला नको.